लपवलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना वायफाय अ‍ॅडाप्टर आहे. अंगठ्याएवढा, काळा, टोपण हरवलेला. संगणकाच्या पाठीत बसून मी हवेतलं इंटरनेट पकडतो आणि त्याला देतो. स्वभावाने मी मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

इर्बिद या अरब शहरात उम्म वद्दाह, म्हणजे वद्दाहची आई, या विधवा बाईंच्या घरी मी कित्येक वर्षं राबलो. त्यांचा मुलगा वद्दाह माझ्या जोरावर परीक्षा पास झाला, मुलगी रुदैना शिवणकाम शिकली. कौतुक मात्र संगणकाच्या पडद्याचं व्हायचं. पाहुणे म्हणत, "किती स्वच्छ दिसतंय." पाठीमागे डोकावून मला कुणी विचारलं नाही. मी मनातल्या मनात जळत असे.

एक दिवस रुदैनाला मागणी घालायला मुलाकडची वडीलधारी मंडळी येणार असं ठरलं. आमच्याकडे अशा पाहुण्यांपुढे कॉफी ठेवतात, पण मुलीकडच्या थोरल्याने होकार दिल्याशिवाय ते कपाला ओठ लावत नाहीत. न पिता उठले तर लग्न मोडलं. रुदैनाचे वडील हयात नव्हते. होकार देणार होते कॅनडातले मुनीफकाका, संगणकाच्या पडद्यावरून. फोनवर दाखवू, असं वद्दाह म्हणाला तेव्हा उम्म वद्दाह भडकल्या.

"थोरल्या दिरांना खिशातून काढून दाखवू? ते रागावले तर तू देणार आहेस होकार?"

नेमकं त्याच सकाळी मला घरचं नेटवर्क सापडेना. शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी नावं दिसत होती, आमचंच नाही. वद्दाहने संगणक बंद करून चालू केला. मला उपसून फुंकर मारली, दुसऱ्या खाचेत खुपसलं. "म्हातारा झालाय हा," असं म्हणून त्याने मला खिडकीत ठेवलं आणि बाजारातून नवा आणला. दोन शिंगांचा, निळा दिवा लुकलुकणारा. तो माझ्या जागी बसला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवा, यालाही काही सापडू देऊ नकोस, अशी मी प्रार्थना केली.

त्यालाही सापडलं नाही. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तोवर पाहुणे येऊन बसले होते, त्यांच्यापुढची कॉफी निवत होती. दाराआडून रुदैना रिकाम्या पडद्याकडे बघत होती. तिचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. तरी खरं सांगतो, आनंद पुरता गेला नाही.

इतक्यात शेजारच्या उम्म लैस मिठाईचं ताट घेऊन आतल्या दाराने आल्या. "अगं उम्म वद्दाह, काल रात्रीपासून तुमचं नेट माझ्या फोनवर दिसतच नाही. बिल भरायचं राहिलं का? पोरीचा अभ्यास अडलाय."

उम्म वद्दाहनी मुलाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. उम्म लैस ताट ठेवायला वळल्यावर तो पुटपुटला, "दारात आलेल्याला पासवर्ड नाही म्हणता येत नाही ना, आई. म्हणून मी नेटवर्कचं नावच लपवलं. आपल्या फोनमध्ये हाताने टाकलं, संगणक विसरलो."

"शेजारणीपासून लपवायला गेलास आणि काकांनाच लपवून बसलास. आधी ते नाव उघड कर."

त्याने केलं. नव्याला ते लगेच सापडलं. मुनीफकाका पडद्यावर आले, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मुलगी तुमची. कॉफी प्या." कॉफी गार झाली होती, पण सगळ्यांनी कप रिकामे केले. वर वद्दाह म्हणाला, "नवा काय झकास पकडतो." मी खिडकीत जळून कोळसा झालो.

दुसऱ्या दिवशी उम्म वद्दाहनी मला शेजारी देऊन टाकलं, पोरीच्या अभ्यासाच्या संगणकासाठी. आता मी भिंतीपलीकडून रोज तेच नाव शोधतो आणि ते रोज सापडतं. दोन शिंगांचा तो त्या नावाच्या घरातच बसलेला असतो, हे मला अजून सहन होत नाही.

मित्रांनो, आमच्यापैकी कुणी सापडत नाही म्हणालं, तर त्याला फेकण्याआधी घरात विचारा, कुणी काही लपवलंय का. आणि जमलं तर एकदा पाठीमागे डोकावून म्हणा, बरं काम करतोस. पडद्याच्या देखत म्हणा.