खुंटीवरचा निळा झगा

मी शर्ट शिवतो. पुरुषांचे. आणि सुट्टीच्या दिवशी दाराला कडी लावून बाईचा झगा घालून बसतो. बसतो म्हणजे नुसता बसतोच. चहा पितो, पेपर वाचतो, नखं कापतो. लोकांना वाटतं, बंद दाराआड काहीतरी भयंकर चालत असणार. तसं काही असतं तर इतक्या खोल्या गेल्याचं निदान सार्थक तरी झालं असतं.

खोल्या गेल्या त्या ह्याच पायी. पहिल्या घरमालकाने मला खिडकीतून पाहिलं आणि माझं सामान जिन्यात आणून ठेवलं. दुसऱ्या खोलीतला जोडीदार मोठ्या मनाचा निघाला. तो मला काहीच बोलला नाही. माझ्या दुकानात जाऊन सगळ्यांना तेवढं सांगून आला. मग मी खोली सोडली, दुकान सोडलं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नवं काम धरलं आणि तिथल्या कटिंगच्या टेबलावर झोपू लागलो. नवा मालक भला होता, पण महिनाअखेरीस टेबल मोकळं करा म्हणाला. त्यालाही कापड कापायचं होतंच.

दलालाने दाखवलेली खोली एका लाँड्रीच्या वरची होती. खाली वाफेच्या इस्त्र्या, मागे बॉयलर, त्यामागे कपडे वाळवायचं अंगण. लाँड्री चालवायच्या काकू. मनगटं पैलवानासारखी, बोलणं मोजकं. नवऱ्यामागे धंदा त्यांनीच उभा ठेवला होता आणि हाताशी दीर होता. ह्या दिराला गिऱ्हाइकं मागून बॉयलर म्हणत, कारण तो कधी तापेल आणि कधी शिट्टी मारेल याचा नेम नसे.

काकूंनी दोन अटी घातल्या. पहिली, वर बाईमाणूस आलेलं चालणार नाही. आधीच्या भाडेकरूने कुणाला तरी आणलं होतं, तिचा नवरा शोधत आला आणि भर दुकानात धुतलेल्या चादरींवर मारामारी झाली. दुसरी अट अशी की दाराला आतून कडी नाही. बॉयलरची पाण्याची टाकी त्या खोलीच्या कोपऱ्यात होती. खाली पाणी कमी पडलं की कुणीतरी धावत वर येऊन व्हॉल्व्ह फिरवायचा, नाहीतर बॉयलर जळायचा. तेव्हा दार कायम उघडं.

माझं घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. बाई आणायची नाही ही अट मी आनंदाने पाळली असती, पण कडीवाचून माझं कसं व्हायचं? तरी मी हो म्हणालो. अडला हरी, दुसरं काय. झगा ट्रंकेच्या तळाशी घातला आणि ठरवलं, आता हे बंद.

वाईट गोष्ट अशी झाली की ती जागा मला आवडली. खालून वाफेची ऊब जमिनीतून वर यायची. नुकत्या इस्त्री केलेल्या सुती कापडाचा वास जिन्यात भरून राहायचा. भाड्यातच माझे शर्ट धुऊन, इस्त्री होऊन यायचे. चार वाजता काकू दुकानातल्या पोऱ्याच्या हाती वर चहा पाठवायच्या. लग्न का केलं नाही, असं कुणी एकदाही विचारलं नाही. मी माझ्या सख्ख्या भावाच्या घरीही इतका सुखाने झोपलो नव्हतो. म्हणूनच भीती वाढली. टेबलावर झोपणाऱ्याला गमावण्यासारखं काय असतं? आता मला होतं.

आमचं दुकान सोमवारी बंद. लाँड्री चालू असायची, पण दुपारी जेवून सगळी घटकाभर पडायची आणि पाणी सकाळीच भरलेलं असायचं. कित्येक सोमवार मी कळ काढली. मग एका सोमवारी नाही राहवलं. ट्रंक उघडली, झगा घातला, आरशासमोर एक गिरकी घेतली आणि खुर्चीत पेपर घेऊन बसलो. खरं सांगतो, छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. तो निळा झगा मी स्वतः शिवलेला. पुढून कमरेपर्यंत कापड मढवलेली बटणं, घेर असा की चालताना पायाशी खेळावा. आयुष्यात शिवलेल्या हजारो शर्टांपैकी एकाचाही मला इतका अभिमान नाही.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. जड, भरभर. बॉयलरची.

पुढचं सगळं मी डोक्याने केलंच नाही. बटणं ओढली, झगा डोक्यावरून काढला आणि उघड्या खिडकीतून खाली अंगणात भिरकावला. टॉवेल कमरेला गुंडाळतोय तोच दार उघडलं. एका हॉटेलचे टेबलक्लॉथ अचानक आले होते, पाणी संपलं होतं. त्याने व्हॉल्व्ह फिरवला, माझ्याकडे पाहिलं, हवेत नाक वर करून एकदा श्वास घेतला. मी पावडर लावली होती. तो खाली गेला.

मी कपडे चढवून अंगणात धावलो. खिडकीखाली धुतलेल्या कपड्यांची टोपली होती, ती जागेवर नव्हती. टोपली इस्त्रीला गेली होती आणि तिच्याबरोबर माझा झगाही.

आता काकूंचा एक शिरस्ता होता. ज्या कपड्याचा मालक सापडत नाही, तो इस्त्री करून दुकानाच्या दर्शनी खुंटीला लटकवायचा. मालक येऊन आपल्या तोंडाने मागेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. मंगळवारी सकाळी मी खाली उतरलो तर माझा निळा झगा रस्त्याकडे तोंड करून खुंटीला लटकत होता. इस्त्री अशी झकास की मलाही तशी जमली नसती.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला ठाऊक. रोज सकाळ-संध्याकाळ त्या खुंटीपुढून मान खाली घालून जायचं. काकू प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायच्या, हा तुमचा का? एक शाळेतल्या बाई तर तो अंगाला लावून आरशात बघत होत्या आणि कुणी शिवलाय म्हणून चौकशी करत होत्या. मी जिन्याखाली उभा. धाबं दणाणलेलं, आणि तरी आत कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या. माणसाच्या गर्वाला वेळकाळ कळत नाही.

मागितला तर काय म्हणून मागायचा? कुणा बाईचा म्हणालो तर अट मोडली, चालते व्हा. माझा म्हणालो तर काय होतं ते मी दोनदा पाहिलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसलो.

शनिवारी दुकान आवरायच्या वेळी काकूंनी मला खाली बोलावलं. इस्त्रीच्या लांब टेबलापाशी दीर हाताची घडी घालून उभा होता. टेबलावर एक निळं बटण ठेवलेलं होतं. पुन्हा व्हॉल्व्ह फिरवायला वर आला असताना त्याला ते माझ्या खोलीत खिडकीपाशी सापडलं होतं, आणि खुंटीवरच्या झग्याचं वरून तिसरं बटण गायब होतं.

सोमवारी वर कोण होतं, काकूंनी विचारलं. कुणी नाही, मी म्हणालो. मग दीर तापला. आम्ही काय दुधखुळे आहोत का, पावडरीचा वास त्याने स्वतः घेतला होता, मास्तर तुम्ही घामाघूम टॉवेलवर उभे होतात, बाईला कुठून पळवलीत? शिट्टी मारून झाल्यावर तो जरा निवला आणि त्याने मला चक्क वाट काढून दिली. नाव सांगा, म्हणाला. तरणे आहात, होतं असं. लग्न करा, आम्ही साक्षीला येतो, प्रकरण मिटलं.

केवढी सोय होती ती. एका नसलेल्या बाईचं नाव घेतलं असतं की फार तर खोली गेली असती, अब्रू नाही. उलट थोडी वाढलीच असती. पण मला एकाएकी भयंकर संताप आला. त्याचा नाही, माझाच. पुन्हा सामान, पुन्हा दलाल, पुन्हा टेबल, आणि ह्या वेळी तर मला झग्यात कुणी पाहिलेलंही नसताना.

"झगा माझा आहे," मी म्हणालो. "मी शिवला, मीच घालतो."

दीर हसला. त्याला खरं वाटलंच नाही. बघा वहिनी, म्हणाला, तिचं नाव राखायला माणूस स्वतःच्या तोंडाला काळं फासतोय. आहे बाकी मर्द. जन्मभर जे लपवलं ते एकदाचं बोललो, तर कुणी विश्वास ठेवेना.

काकू उठल्या. खुंटीवरचा झगा काढून त्यांनी टेबलावर पसरला. मग माझ्या धुतलेल्या कपड्यांतला पांढरा शर्ट घेतला आणि त्यावर अलगद ठेवला. खांद्यावर खांदा बसला. बाहीवर बाही बसली. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर उतरता आहे, मशीनवर वाकून वाकून झालेला. शर्टाचा उतरता खांदा झग्याच्या उतरत्या खांद्यावर नेमका बसला.

"आणि काजं बघा, भावजी," काकू म्हणाल्या. "बायकांच्या कपड्याची काजं उजवीकडे असतात. मास्तरांनी डावीकडे घातलीत, शर्टासारखी. हातच तसा वळलाय."

मी खाली पाहिलं. इतकी वर्षं तो झगा घालतोय आणि मला ते कधी दिसलंच नव्हतं. कानापर्यंत लाल झालो. पकडलं गेल्याची लाज नंतर आली, आधी काजांची आली.

दिराचं तोंड उघडं राहिलं. काकूंनी माझ्याकडे वळून विचारलं, "सोमवारी वर बाई आली होती का?"

"नाही."

"कधी आली होती?"

"कधीच नाही."

"मग अट कुठे मोडली?" हा प्रश्न दिराला होता. त्याने दोनदा श्वास घेतला, पण शिट्टी काही वाजली नाही. वहिनी, लोक काय म्हणतील, एवढंच पुटपुटला. लोकांचेच कपडे धुते मी, काकू म्हणाल्या, कुणाचं काय मळतं ते मला सांगू नका.

मग त्या माझ्यावर उखडल्या, आणि पहिल्यांदाच अरे-तुरेवर आल्या. "मंगळवारी इस्त्री फिरवतानाच कळलं होतं मला. म्हटलं, येईल आणि मागेल. तर तू रोज चोरासारखा पुढून जातोस. इतका सुंदर शिवलास, मागायला काय झालं होतं?"

डोळे भरून आले आणि मी ते बाहीला पुसले. राहू का मी, एवढंच विचारलं.

"राहा की. पण कडी मिळणार नाही. पाणी सगळ्यांनाच लागतं." त्यांनी झग्याची घडी घातली, वर ते बटण ठेवलं आणि माझ्या हातात दिली.

पुढच्या सोमवारी मी बटण लावलं. काजं तशीच ठेवली. झगा घालून खुर्चीत बसलो खरा, पण पेपरातलं अक्षर डोक्यात शिरेना. काकूंचं ठीक होतं. घरात आणखी एक माणूस होता, आणि दार उघडं होतं. खाली टेबलक्लॉथ आल्याची गडबड ऐकू आली. मग जिन्यात पावलं वाजली. जड, भरभर. माझे हात सवयीने बटणांकडे गेले.

पावलं अर्ध्या जिन्यात थांबली. बॉयलर मोठ्याने खाकरला. पुन्हा एकदा खाकरला.

"मास्तर, व्हॉल्व्ह फिरवायचा होता," तो तिथूनच म्हणाला. "येऊ का?"

त्या घरात आजवर त्याने हे कुणालाच विचारलं नव्हतं. मी हात खाली घेतले, घेर नीट केला.

"या," मी म्हणालो.

तो आला, भिंतीकडे बघत बघत टाकीपाशी गेला आणि घाईत व्हॉल्व्ह उलट्या बाजूला फिरवू लागला. मी उठलो, त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि तो सुलट फिरवून दिला.