धुक्यातली किंचाळी

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. पण शाळेच्या फाटकाला टेकून उभी राहणाऱ्यांतली नव्हे. मी डोंगर उतरणारी. उंच पर्वतांतल्या ला पाझ शहरात, चढाच्या गल्लीतल्या एका दुकानात माझे बिऱ्हाड आहे. पाठीवर घरभर सामान बांधून आलेले परदेशी पाहुणे ती गल्ली चढताना विरळ हवेत मासोळीसारखे तोंड उघडतात, दाराशी दम यावा म्हणून कोकाच्या पानांचा चहा पितात आणि तरीही ऐटीत म्हणतात, "सगळ्यांत अवघड वाट दाखवा!" सीटवर टेकल्याबरोबर मला माणूस कळतो. जो फार बोलतो, तो ब्रेकही फार दाबतो.

मी नवी होते तेव्हा प्रत्येकाला मीच हवी असे. मग हलक्या, चकचकीत सायकली आल्या आणि मी मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगली गेले. माझे पेडल एकीला गेले, साखळी दुसरीला. पुढे तर माझ्याकडे कोणी पाहीनासे झाले.

मला खाली उतरवले ते बासिलियाने. ती दुकानात पंक्चर काढायची, पण तिला व्हायचे होते वाटाड्या. रेमिहिओ मालक हसायचे.

"घेरदार घागरा घालून डोंगर उतरणार? चाकात अडकला म्हणजे?"

"तुमचं पोट हँडलला अडकत नाही, मालक, तर माझा घागरा कशाला अडकेल?"

शेवटी ते वैतागले. "बरं, बुधवारची पाहुण्यांची तुकडी तू ने, पोरी. मी मागून गाडीत येतो. एकालाही लागलं, तर पुन्हा वाटाड्या व्हायचं नाव काढायचं नाही. आणि नवी सायकल मिळायची नाही. ती भिंतीवरची म्हातारी घे!"

बासिलियाने इकडून तिकडून सुटे भाग जमवले आणि मला पायावर उभे केले. बुधवारच्या आदल्या दिवशी कार्निव्हलचा मंगळवार होता. त्या दिवशी आमच्याकडे पोट भरणाऱ्या प्रत्येक वस्तूचे आभार मानतात. टपरी असो, ट्रक असो, शिलाई मशीन असो, सगळ्यांना रंगीत कागदी फिती, फुलांच्या पाकळ्या आणि बिअर. थोडी धरतीमातेला, थोडी वस्तूला. बासिलियाचा माझ्यावर इतका जीव की तिने हात आखडलाच नाही. अख्खी बाटली माझ्या अंगावर रिकामी केली! ती बिअर ब्रेकमध्ये झिरपली आणि तिथेच सुकली.

दुसऱ्या दिवशी, उतार सुरू होतो त्या बर्फाच्या शिखरांखालच्या खिंडीत तिने ब्रेक दाबून पाहिले. चाक जागच्या जागी थांबले, पण मी अशी किंचाळले की रस्त्याकडेला चरणारे लोकरीचे लामा पळाले. तिने पुसले, घासले. किंचाळी काही जाईना.

तुकडीतला डेन्मार्कचा मिकेल खो खो हसला. "ताई, तुम्ही डुकरावर बसून येणार का?"

"आजचा दिवस घे चालवून," मालक पुटपुटले. "उद्या हिला भंगारात टाकतो."

लाजेने माझा होता नव्हता तो रंगही उडाला. बासिलियाने मात्र सगळ्यांना बजावले, "इथे उतरणाऱ्याने डावीकडून, दरीच्या कडेने जायचं. भीती वाटली तरी डोंगराला चिकटायचं नाही. ती बाजू चढून येणाऱ्यांची." सगळ्यांनी माना डोलावल्या. दरी दिसेपर्यंत मान डोलावणे सोपे असते.

आणि मग तो उतार! चाकाखाली खडे उडत होते, ढग आमच्याही खाली तरंगत होते. इतकी वर्षे भिंतीवर काढलेली मी, पुन्हा वाऱ्याच्या पुढे धावत होते.

धबधब्याच्या वळणावर धुके दाटले. बासिलिया पुढे होती, मिकेल मागे. वळण घेते तोच तिला समोर दोन पिवळे दिवे दिसले. केळ्यांचा ट्रक डोंगराला चिकटून चढत होता. तिने मागे पाहिले. मिकेल दरीला घाबरून डोंगराच्या बाजूला सरकला होता, मान खाली घालून, नेमका ट्रकच्या वाटेवर. तिने जिवाच्या आकांताने हाक मारली. धबधब्याने ती गिळून टाकली.

मग तिने माझे दोन्ही ब्रेक आवळले आणि तशीच मला उतारावरून फरफटत नेले.

मित्रांनो, मी उभ्या जन्मात किंचाळले नव्हते तशी किंचाळले! कड्याने तो आवाज झेलला आणि दुप्पट करून फेकला. ट्रक थांबला. मिकेलही दचकून थांबला. दोघांच्या मध्ये हातभर जागा उरली होती.

ड्रायव्हर हुवेनाल काकांनी खिडकीतून डोके काढले. "धुक्यात डुक्कर कोण कापतंय रे?"

"कापत नाही काका, वाचवतेय!" बासिलिया ओरडली.

मिकेल या वेळी हसला नाही. सायकल ढकलत तो डावीकडे आला.

खाली गरम हवेच्या गावात, संत्र्यांच्या झाडांखाली सगळे पोहोचले. कोणाला ओरखडासुद्धा नव्हता. मालक गाडीतून उतरले. त्यांनी सगळे पाहिले होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"उद्याची तुकडी मोठी आहे," ते म्हणाले. "लवकर या, बासिलियाबाई."

तोवर ते तिला नुसते 'पोरी' म्हणायचे.

"आणि ही म्हातारी?" बासिलियाने माझी सीट थोपटत विचारले.

"तिला भंगारात टाकेन म्हणणारा कोण होता? मी तर नाही!"

आता माझे ब्रेक नवे आहेत आणि तुकडीच्या पुढे मीच असते. कार्निव्हलच्या मंगळवारी बासिलिया माझ्या हँडलला फिती बांधते, सीटवर पाकळ्या उधळते, आणि बिअर मात्र सगळी धरतीमातेला देते.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी सायकल टांगलेली असेल. तिला खाली घ्या, पुसा, साखळीला तेल द्या. ती किंचाळली तर रागावू नका, काय सांगते ते आधी ऐका. आणि फारच माया दाटून आली, तर हार घाला. पण ब्रेकला काही पाजू नका. माझ्यासारखे नशीब प्रत्येकीचे नसते.