रुमालाखालची पसंती

“चांदमामा, तुमी आधी मागं शिरा. पुढची सीट वाकवल्याबिगर तिकडं वाट न्हाई.”

शांतिनाथने सीट वाकवून धरली. चांदसाहेबाने टोपी काढून हातात घेतली, एक पाय आत टाकला, दुसरा कुठे टाकावा याचा थोडा विचार केला आणि अंग मुडपून मागे जाऊन बसला. अठरा वर्षे तो नानासो आरवाड्यांची गाडी चालवत होता. तेवढ्या काळात मागच्या सीटवर तो गेला होता तो फडकं घेऊन, धूळ झटकायला. आज पहिल्यांदा बसायला गेला, तर गुडघे हनुवटीला लागले.

साताऱ्याच्या एका डॉक्टरांच्या अंगणात ही हेराल्ड उभी होती. लाल, ठेंगणी, दोनच दारांची. डॉक्टरांनी बॉनेट उघडून दाखवलं तेव्हा मडगार्डांसकट गाडीचं सगळं तोंडच पुढे उलटं पडलं आणि नानासो दोन पावलं मागे सरले.

“आरं, हिचं डोस्कंच निघालं की हातात!”

नानासो सांगलीच्या हळदपेठेतले जुने अडते. माल पारखताना डोळे मिटणारा माणूस. हळकुंड मोडून नुसत्या आवाजावर ओल किती ते सांगायचे. गाडीच्या बाबतीत मात्र त्यांना मोडून बघायची सोय नव्हती, म्हणून विकाऊ असलेल्या दोन गाड्यांत आधी बसून बघायचं ठरलं होतं. जुनी लँडमास्टर मागच्याच महिन्यात पाटणच्या एका गिऱ्हाइकाला देऊन टाकली होती. त्यामुळे तिघेही साताऱ्याला एस.टी.ने आले होते, आणि चांदसाहेबाने सबंध प्रवासात कंडक्टरच्या डोक्यावरून पुढचा रस्ता बघत एस.टी.च्या ड्रायव्हरच्या चुका काढल्या होत्या.

शांतिनाथने गाडी कराडच्या रस्त्याला घातली. नानासोंच्या पोराचं नाव शांतिनाथ, पण शांती होती ती नावातच. नागठाण्याच्या अलीकडे त्याने एक ट्रक मागे टाकला, मग दुसरा, मग एक बैलगाडी अशी चुकवली की बैलांनीही मान वळवून बघितलं.

“कशी पळती बघा, आण्णा!”

“पळती रं. पर मी गाडीत बसलोय का मला कुणी कपाटात ठेवलंय?” नानासोंनी एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने दार धरलं होतं. “चांदसाहेब, जिता हायेस न्हवं मागं?”

“हाय की मालक. घडी मोडाय लागंल, येवढंच.”

नागठाण्याच्या पुढे शांतिनाथने गाडी वळवली. पाठीमागे न घेता, एका झटक्यात, रस्त्यातल्या रस्त्यात. चांदसाहेबाच्या तोंडून ‘वा’ निघून गेलं. आवडलेल्या चीजेला आवडली म्हणणारा तो माणूस होता. गाडी फक्कड होती. एवढंच की ती चालवणाऱ्याची गाडी होती. बसणाऱ्याचा विचार गाडी बनवणाऱ्याने उरलेल्या जागेत केला होता.

दुसऱ्या दिवशी माधवनगरला एका गिरणीवाल्या शेटची डॉज बघितली. काळी, लांबरुंद. मागच्या सीटवर नानासो, त्यांचं धोतर आणि त्यांचा तक्क्या एवढं सगळं ऐसपैस मावून वर एखादा पाहुणा बसला असता. चांदसाहेबाने स्टेअरिंगवर हात ठेवले आणि त्याला गाडीपेक्षा एखाद्या मोठ्या, समजूतदार जनावराच्या पाठीवर बसल्यासारखं वाटलं. रेल्वेचं फाटक ओलांडलं, तरी मागून हूं की चूं नाही. त्याने आरशात पाहिलं, तर नानासो तोंड उघडं टाकून झोपले होते. अडत्याला परक्याच्या गाडीत झोप लागते म्हणजे सौदा अर्धा झालाच, असा हिशेब चांदसाहेबाने मनात मांडला आणि फाटकापासून पुढे गाडी आणखी सावकाश घेतली.

शेजारी शांतिनाथ घड्याळ बघत होता. “हत्ती हाय हत्ती. पेट्रोलचं भाव बघितलं का चांदमामा? ह्यो पोसायचा कुणी?”

“लक्ष्मी बी दोन हत्तींच्या मधीच बसती, बाळासाब.”

शांतिनाथ हसला नाही.

कारण सवाल गाडीचा नव्हताच. डॉज आली तर ती चालवायला चांदसाहेब लागणार. हेराल्ड आली तर शांतिनाथ स्वतः चालवणार, आणि दोन दारांच्या गाडीत मालक पुढे, लेक पुढे, ड्रायव्हरने कुठे बसायचं? पुण्याहून बी. कॉम. होऊन आल्यापासून पोरगं हेच बोलत होतं. आजकाल ड्रायव्हर ठेवतो कोण, आण्णा? आपलं बोलणं आपल्यातच राहावं. हे सगळं तो चांदसाहेबासमोरच बोलत असे. गाडी शिकताना पहिल्यांदा तो चांदसाहेबाच्याच मांडीवर बसला होता. एवढ्या जवळच्या माणसासमोर संकोच कसला!

पण नानासोंना एक अडचण होती. सात वर्षांपूर्वी, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी, त्यांची बायको लेकीच्या बाळंतपणाला पाटणला होती. बातमी आली तशी चांदसाहेबाने लँडमास्टर काढली. रस्त्याला भेगा, घाटात दरड, पुलावर पोलीस. तरी तो पाटणला पोचला, आणि मायलेकींना तान्ह्या बाळासकट घेऊन परत आला. त्या दिवशी नानासोंनी भर पेठेत, पंचवीस माणसांच्या देखत त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “चांदसाहेब हाय तवर माझी गाडी त्याच्याच हातात.”

भावनेच्या भरात माणूस घरात काय काय बोलतो, ते पचून जातं. पेठेत बोललेलं पचत नाही. अडत्याचं दुकान मालावर नाही, तोंडाच्या शब्दावर चालतं. नानासोंना तो शब्द मोडता येत नव्हता, आणि मोडल्याशिवाय लेकाची भुणभुण थांबत नव्हती.

त्या संध्याकाळी चांदसाहेबाने घरी सगळं सांगितलं. डॉजची सीट, डॉजचा आवाज, मालकांची झोप. अख्तरबी भाकरी थापत ऐकत होती.

“आवं, पर घेणार कुठली?”

“मालक झोपलं गं तिच्यात. लहान लेकरागत.”

“झोपलेला मानूस सकाळी उठतो बी,” अख्तरबी म्हणाली आणि तिने भाकरी उलटली.

शनिवारी लिलाव आटोपल्यावर दुकानाच्या कट्ट्यावर पाच-सहा अडते चहाला टेकले होते. हमाल पोत्यांना पाठ लावून विड्या ओढत होते. कुणीतरी विषय काढला, “नानासो, मोटारीचं काय ठरलं मग? हत्ती का हरीण?”

“मी कोन ठरवणारा? गाडी ज्याच्या हातात, पसंती त्याची. सात वरसांमागं बोललोय तसं. चांदसाहेब, ये हिकडं.”

चांदसाहेब पुढे आला. नानासोंनी खांद्यावरचा मोठा रुमाल काढून हातावर पसरला.

पेठेत हळदीचा भाव तोंडाने बोलत नसत. दोघांचे हात रुमालाखाली, आणि बोटं दाबून भाव. उघडे लिलाव सुरू झाले तरी जुन्या अडत्यांची ही सवय गेली नव्हती. या रीतीचे नियम सगळ्यांना पाठ होते. देणाऱ्याने बोट द्यायचं, घेणाऱ्याने ते मोडून दुसरं मागायचं. पटलं नाही तर हात ओढून घ्यायचा. पटलं तर हात सैल सोडायचा. आणि एकदा रुमाल उचलला की काय ठरलं ते अडत्याने सांगायचं. समोरच्याने त्यावर चकार शब्द काढायचा नाही. काढला तर पेठेत पुन्हा कुणी त्याचा हात धरत नसे.

“येक बोट म्हंजी डॉज, दोन म्हंजी हेराल्ड. मनात असंल ते दे. धर.”

ड्रायव्हरचा हात रुमालाखाली जाताना पेठेने यापूर्वी पाहिला नव्हता. हमाल उठून उभे राहिले. चांदसाहेबाने हात विजारीला पुसला आणि थोडासा गोरामोरा होत आत घातला. मग एक बोट पुढे केलं.

नानासोंच्या हाताने ते बोट धरलं. क्षणभर नुसतंच धरलं, हळकुंड धरावं तसं. मग हलकेच मोडून तळव्यात मिटवलं आणि त्याची दोन बोटं उघडली.

मालक चेष्टा करतायत, असं चांदसाहेबाला वाटलं. त्याने हसून पुन्हा एकच बोट दिलं.

या वेळी ते बोट पेरातून कट्‌कन वाजलं. दोन बोटं पुन्हा सरळ झाली आणि नानासोंच्या मुठीत आवळून बसली. चांदसाहेबाने वर पाहिलं. नानासो त्याच्याकडे बघत नव्हते. ते शेजारच्या अडत्याला निजामाबादच्या मालाबद्दल काहीतरी सांगत होते. बोलणं इतकं मोकळं, की खाली त्या हाताला घाम सुटलाय हे रुमालाबाहेर कुणाला कळलं नसतं.

हात ओढून घेता आला असता. पण ओढला म्हणजे भर पेठेत मालक खोटा. अठरा वर्षे मागून ‘डावीकडं’ आलं की चांदसाहेबाचे हात डावीकडे वळले होते. का, असं त्याने कधी विचारलं नव्हतं. पुढे रस्ता खराब आहे हे ठाऊक असूनही वळले होते. आता वळू नकोस हे त्या हातांना कोण सांगणार, आणि कुठल्या भाषेत?

त्याने हात सैल सोडला.

नानासोंनी रुमाल उचलून खांद्यावर टाकला. “ऐका रं. चांदसाहेब म्हनतोय, हेराल्ड घ्या. म्हनतोय, मालक, आता माझं वय झालं, रातचं दिसाय बी कमी आलंय, हात पयल्यासारखा चालत न्हाई. मोठी गाडी मला झेपायची न्हाई. धाकलं मालक शिकल्यात, त्यास्नी चालवू द्या.” त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. “असं मानूस मिळाय भाग्य लागतंय!”

पेठेत ‘वा वा’ झाली. दोन बोटांत एवढं लांबलचक वाक्य मावलं कसं, हे कुणी विचारलं नाही. बोटांची भाषा येणारी सगळीच माणसं तिथे होती. एकाने चांदसाहेबाची पाठ थोपटली. शांतिनाथने वाकून नमस्कारसुद्धा केला, आणि त्या पोराला मात्र ते सगळं खरंच वाटलं असावं.

“खरंच तुमी असं म्हनलासा?” तो घरी पोचायच्या आधीच ते अख्तरबीच्या कानावर गेलं होतं. “रातचं दिसत न्हाई? सुईत दोरा कोन ववून देतंय मला?”

“रुमालाखालचं बाहेर बोलत न्हाईत.”

“मग चूल बी रुमालाखालीच पेटवू का?”

त्याने टोपी काढून खुंटीला अडकवली. तिने पुन्हा विचारलं नाही. बायका असं न विचारून किती विचारतात, ते नवऱ्यांनाच ठाऊक.

पंधरा दिवसांत पेठेतल्या आणखी दोघा अडत्यांच्या पोरांनी बापांना चांदसाहेबाचा दाखला दिला. आरवाड्यांचा ड्रायव्हर स्वतः म्हणतो, आता ड्रायव्हर लागत नाही! त्यातल्या एकाकडे बशीर ड्रायव्हर होता. चांदसाहेबाने स्वतः शिकवलेला, तीन लेकरांचा बाप. चहाच्या गाड्यावर चांदसाहेब गेला तेव्हा बशीर बाकावरून उठला.

“बसा चाचा. ऐसपैस बसा. आमी काय, उभंच ऱ्हानार आता.”

“बशीर, माझं ऐक—”

“ऐकलं की. सगळ्या पेठंनं ऐकलं. तुमास्नी दिसत नसंल तर नसंल, आमचं डोळं कशापायी काढलंसा?”

चांदसाहेबाने कप तोंडाला लावला आणि चहा पोळेपर्यंत तसाच धरून ठेवला. बाकीचे ड्रायव्हर आपापल्या गाड्यांकडे निघून गेले. सबंध बाक त्याला एकट्याला मिळाला.

मोहरमनंतर तो माधवनगरला गेला. डॉज अजून विकली गेली नव्हती, आणि शेटचा ड्रायव्हर काम सोडून मुंबईला गेला होता, असं ऐकलं होतं. शेटनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आदराने बोलले.

“तुझी गोष्ट ऐकली. आजच्या काळात असा प्रामाणिकपणा नाही.”

“शेट, मला नदर चांगली हाय. हात बी चालतोय. येक डाव गाडी द्यून बघा.”

शेट हसले, समजुतीने. “चांदसाहेब, पोटासाठी माणूस काहीही बोलतो, मला राग नाही. पण खरं ते तू एकदा बोलून गेलास. नानासो खोटं कशाला सांगतील?”

नानासो खोटं कशाला सांगतील, याचं उत्तर चांदसाहेबाकडे होतं. त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला, सलाम केला आणि बाहेर आला.

आवारात चार-पाच माणसं काळ्या डॉजभोवती जमली होती. उभी राहून राहून गाडीची बॅटरी उतरली होती आणि ती ढकलत छपराखाली न्यायची होती. गिरणीचा एक कारकून स्टेअरिंगवर बसला होता, दोन्ही हातांनी ते घट्ट धरून, बुडणाऱ्या माणसाने ओंडका धरावा तसं.

“ओ मामा,” एकजण ओरडला, “वाईच हात लावा की! जड हाय लेकाची.”

चांदसाहेबाने टोपी नीट केली. तो मागे गेला आणि बाकीच्यांच्या शेजारी डिकीला हात लावून उभा राहिला.

“हां, ढकला!”

गाडी हलली. कारकून चाक उगीचच इकडेतिकडे फिरवत होता. गाडीचं तोंड छपराच्या खांबाकडे जात होतं. चांदसाहेबाला मागून ते दिसत होतं. त्याने आपल्या बाजूने खांदा लावून जरा जास्त रेटलं. खांब दोन बोटांच्या अंतरावरून निघून गेला.

“बसली बरोबर!” कारकून आतून म्हणाला. “बघा, मला येतंय का न्हाई!”

माणसं हसली, हात झटकून पांगली. उन्हात तापलेला पत्रा छपराखाली हळूहळू निवत होता. चांदसाहेब तळवे त्यावर टेकून थोडा वेळ तसाच उभा होता. मग पहारेकऱ्याने फाटक लावायला घेतलं, तसा तो निघाला.