पट्टे काढलेला नकाशा

हिरवे-पिवळे पट्टे : जपायचं, आणि जपून वापरायचं.

देशाच्या जैवविविधता आराखड्याचा नकाशा ताई करत होती. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत. पट्टे बऱ्याच ठिकाणी होते, पण तिचा जीव अडकला होता एका तुकड्यात. माहेरची पाणथळ. तिचा धाकटा भाऊ तिथे दरवर्षी लव्हाळी कापायचा, चटया विणायचा. कापलं की पाणी मोकळं व्हायचं, आणि मोकळ्या पाण्यातच बदकं उतरायची.

साहेबांनी छापील नमुना डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"ताई, शाई फुटलीय का?"

"पट्टे आहेत, साहेब. बारीक छापले की मिसळतात."

"मंत्र्यांपुढे हे शेवाळ नेऊ? एका तुकड्याला एकच रंग. जेवायच्या सुट्टीआधी द्या."

"मग जपून वापरायचं कुठे दाखवू?"

"प्रस्तावनेत आहे की! दोनदा आहे."

पट्टे : रद्द.

पिवळा : वापर खुला.

खुला म्हणजे कुणालाही. भराव टाकून गोदामं बांधायला टपलेली मंडळी पाणथळीच्या काठावर केव्हाची घिरट्या घालत होती.

हिरवा : संरक्षित. प्रवेश बंद.

बंद म्हणजे भावालाही. तिनं त्याला फोन लावला.

"कुठला रंग देऊ रे?"

"मला काय विचारतेस? शाळेत माझ्या चित्रातसुद्धा तूच रंग भरायचीस."

"थट्टा नको. हिरवा दिला तर तुला..."

"दे की हिरवा! आपलं हिरवंच आहे. ठेवतो गं, हात ओले आहेत."

तिनं पुन्हा लावला. वाजत राहिला. साहेब दारात येऊन घड्याळ बघू लागले. गोदामं तरी टळतील, असं म्हणत तिनं हिरवा भरला.

हिरवा, पुढे चालू.

पुढच्या खेपेला ती माहेरी गेली, तेव्हा पाणथळीला तारेचं कुंपण होतं. पहारेकरी भावानंच विणलेल्या चटईवर बसला होता. आत न कापलेली लव्हाळी आडवी होऊन कुजली होती, त्यांतून नवी वर आली होती. पाणी कुठे दिसेना. बदकांचा थवा आला, वरून फिरला, निघून गेला.

"कडेकडेनं तरी कापू दे म्हणावं," घरी आल्यावर भाऊ म्हणाला. "तू बोललीस ना साहेबांशी?"

बोलली होती. 'पुढच्या आराखड्यात बघू,' साहेब म्हणाले होते. कधी, विचारल्यावर म्हणाले, 'हा संपल्यावर.'

"बोलले," ताई म्हणाली. "बघतो म्हणालेत."

"बघ! मी हिला म्हटलंच होतं, आपली ताई आहे तिथे." त्यानं आढ्यात खोचलेला विळा काढला, अंगठ्यानं गंज खरवडला. "धार लावून ठेवतो. तुझा फोन आला की उतरलोच पाण्यात."

भावजयीनं ताईच्या तोंडाकडे पाहिलं. चहाचं आधण ठेवायला आत गेली.

भाऊ दगडावर पाणी शिंपडून विळा घासू लागला.