दादाला हवा होता पूर्ण ताबा

"पूर्ण ताबा हवा मला," दादा चौथ्यांदा म्हणाला. "अर्धामुर्धा नको."

दादा-वहिनीचा घटस्फोट चालू होता आणि मी वकील. घरच्यांची केस मी घेत नाही, म्हणून ती मैत्रिणीकडे सोपवली होती. तरी लिफ्टदुरुस्तीचं काम आटोपलं की ग्रीसने माखलेले हात घेऊन तो माझ्याच ऑफिसात येऊन बसायचा.

"अरे, लेक म्हणजे काय फ्लॅट आहे? ती कुठे राहणार, हा एक प्रश्न. तिची शाळा, औषधपाणी कोण ठरवणार, हा वेगळा. राहणं एकाकडे आणि ठरवणं दोघांनी, असंही होतं."

"मग दोन्ही माझ्याकडे."

वहिनीचं पालुपदही तेच. वर दादाचा फोन आला तरी ती तो सात वर्षांच्या पोरीला देतच नव्हती. मी डोक्याला हात लावला.

सुनावणीत न्यायाधीशबाईंनी दादाला विचारलं, "मुलीच्या वर्गशिक्षिकेचं नाव?"

दादा छताकडे बघायला लागला. पण पोरीच्या दम्याबद्दल विचारल्यावर पंप कधी द्यायचा, धाप कशाने लागते, सगळं घडाघडा बोलला.

मग वहिनीची पाळी. "वडिलांचा फोन का देत नाही?"

"नंतर रडते ती, मॅडम."

"फोन आला म्हणून रडते, की ठेवावा लागतो म्हणून?"



न्यायाधीशबाई पोरीशी आपल्या खोलीत एकटीशी बोलल्या. मग निकाल दिला. "कोणाला काय हवंय ते मी बघत नाही, तिचं भलं कशात आहे ते बघते. शाळा आईच्या घराजवळ, म्हणून राहणं आईकडे. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार वडिलांकडे. रोज एक फोन. शाळा आणि उपचार दोघांनी मिळून ठरवायचे."

बाहेर येताच दादा म्हणाला, "म्हणजे मी जिंकलो की हरलो?"

"दादा, तू आता गप्प बस!"

पुढच्याच शुक्रवारी दादा पोरीला न्यायला गेला, तर वहिनीने पोहण्याच्या क्लासचा फॉर्म पुढे केला. "डॉक्टर म्हणाले, दम्याला बरं. सही कर."

"पाणी गार असेल."

"कोमट आहे."

"मी आधी बघणार."

"बघ ना! कोणी अडवलंय?"

दारातच अर्धा तास जुंपली. पोर कंटाळून पायरीवर बसली.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. "कोमटच आहे गं," तो वैतागून म्हणाला. "कोपरापर्यंत हात घालून बघितला."