मौनीबाबाची जागा

परदेशात शिकणारी पोरं सुट्टीत दोन गाड्या घेऊन समुद्र बघायला निघाली. त्यांतला एक इतका कमी बोलायचा, की सगळे त्याला मौनीबाबाच म्हणत. पेट्रोलपंपावर तो तोंड धुऊन, कॉफी घेऊन बाहेर आला, तर दोन्ही गाड्या पसार! निघताना पोरांनी पिशव्या मोजल्या, डोकी नाही. बाबा दुसऱ्या गाडीत असेल, असं दोन्हीकडे वाटलं.

फोन खिशातच होता. पण आपली आठवण कुणाला होते ते तरी बघू, म्हणून तो कठड्यावर बसून राहिला. हातातली कॉफी गार झाली. अखेर फोन वाजला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"बाबा, चार्जर तुमच्या गाडीत राहिलाय का रे?"

मागे हसणं चाललं होतं.

"बघतो हं," तो म्हणाला आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला.