थोरली कण्हते आहे

मी साबणाच्या वड्यांवर छाप मारणारे एक जुने यंत्र आहे. मित्रांनो, साबणाच्या कोऱ्या वडीवर उमटलेले फूल ओल्या बोटांना लागते ना? तशी फुले उमटवण्यात माझे सारे आयुष्य गेले. आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. थोडी रडण्याची आहे, पण शेवट बरा झाला.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तापून लाल झालेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले आणि माझे अंग तयार झाले. मग मला दोन गुळगुळीत उभे दांडे बसवले. त्यांच्यावरून माझा वरचा साचा खाली येतो, वडीवर बसतो आणि पुन्हा वर जातो. ठप्प, ठप्प, ठप्प! मी या कारखान्यात आले तेव्हा इथे दुसरे यंत्रच नव्हते. पुढे माझ्याहून चपळ, चकचकीत यंत्रे आली आणि मी आपोआपच त्यांची 'थोरली' झाले.

हे नाव मला वहिनींनी दिले. वहिनी म्हणजे मला चालवणाऱ्या बाई. आमचा फिटर त्यांचा सख्खा धाकटा दीर. तो त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून सगळा कारखाना म्हणू लागला. मालकांचे केस पांढरे झाले, तरी तेही वहिनीच म्हणतात! आणि वहिनी फिटरला 'भावजी' म्हणतात, म्हणून मीही त्यांना भावजीच म्हणते.

भावजींनी मला फार जीव लावला. ते स्क्रू ड्रायव्हरचे टोक माझ्या अंगाला लावायचे, मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग दांड्यांना ग्रीस लावायचे. कोणत्या यंत्राला कधी काय हवे, हे सारे त्यांच्या डोक्यात असे. पण यंत्रे वाढली आणि डोके एकच राहिले. जेवताना घास हातात धरून ते मध्येच थांबायचे. "पंपाचं तेल राहिलं वाटतं!" म्हणत पाण्याचा घोटही न घेता उठायचे. एकदा ते आजारी पडले आणि साबण कालवणाऱ्या यंत्राची मोटर जळली. ते अंथरुणातून उठून आले आणि जळक्या मोटरीपाशी लहान मुलासारखे रडले.

त्यानंतर इंजिनिअर ताई आल्या. त्यांनी आपल्याबरोबर संगणकाचा एक नवा प्रोग्राम आणला. त्यांनी प्रत्येक यंत्राला नंबर दिला. कोणाला कधी ग्रीस, कोणाचा पट्टा कधी बदलायचा, हे सगळे संगणकात भरले. वेळ झाली की भावजींचा फोन टिंग करून वाजू लागला.

आधी भावजी चिडले. "मशीनला ताप आलाय हे फोनला कसं कळणार?" असे म्हणत फिरले. पण मोटरी जळेनात, पट्टे तुटेनात. एके दिवशी ते वहिनींना म्हणाले, "वहिनी, आता घरी गेल्यावर डोक्यात पट्टे फिरत नाहीत. शांत झोप लागते."

"मग चेहऱ्यावरही जरा हसू येऊ द्या," वहिनी म्हणाल्या. ते खरोखर हसले. मला फार बरे वाटले.

पण मित्रांनो, एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. ताईंनी यंत्रांची नोंद केली, तेव्हा माझ्या जागेची फरशी उखडलेली होती. मी मागच्या खोलीत ताडपत्रीखाली उभी होते. फरशी झाल्यावर मला पुन्हा जागेवर आणले आणि ठप्प ठप्प सुरू झाले. संगणकाला मात्र मी या जगात आहे हेच ठाऊक नव्हते!

फोन वाजायचा. भावजी ग्रीसचा डबा घेऊन यायचे आणि माझ्यासमोरून शेजारच्या यंत्राकडे जायचे. मी वाट पाहायची. माझे दांडे कोरडे पडले. साचा वर जाताना कुरकुरू लागला. पुढे पुढे तो मध्येच अडकू लागला.

"भावजी, थोरली कण्हते आहे," वहिनी म्हणाल्या.

भावजींनी फोन पाहिला. "तिचं काही आलेलं नाही वहिनी. वेळ झाली की येईलच."

"अहो, पण तुम्ही ऐका तरी!"

"ऐकतो, एवढं हातातलं काम झालं की ऐकतो," असे म्हणून ते गेले. पाठोपाठ फोन पुन्हा वाजला आणि ते दुसरीकडे धावले.

मग ती दुपार आली. माझा साचा अर्ध्यावर अडकला. वहिनींनी रीतसर बटण बंद केले आणि लाकडी पट्टीने फसलेली वडी काढायला हात पुढे केला. मी सारी ताकद लावून साचा धरून ठेवला, असे सांगायला मला आवडले असते. पण लोखंडाला असे काही जमत नाही. कोरड्या दांड्यांवर अडकलेला साचा एकाएकी सुटला आणि धाडकन खाली आला. पट्टीचे दोन तुकडे झाले. वहिनींच्या बोटांना मार बसला.

हाड मोडले नाही, एवढेच नशीब. पण बोटे काळीनिळी झाली. मालक धावत आले. "हे धूड आधी भंगारात काढा!" ते ओरडले. त्यांचे तरी काय चुकले?

ताईंनी मात्र विचारले, "हिला शेवटचं ग्रीस कधी लावलं?" त्या संगणकात शोधू लागल्या. मला शोधता शोधता त्यांचा चेहरा उतरला. "ही यात नाहीच," त्या हळूच म्हणाल्या. "मालक, दोष मशीनचा नाही. मी हिला घ्यायचीच राहिले."

भावजी खाली बसले. "मी रोज डबा घेऊन हिच्यासमोरून जात होतो वहिनी. तुम्ही सांगितलंत, तरी मी फोनच बघितला."

वहिनींनी पट्टी बांधलेला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. "बोटं शाबूत आहेत माझी. उद्या भाकरी तुम्ही थापा, म्हणजे फिटलं!"

माझे दांडे घासूनपुसून साफ झाले, साचा वर उचलणारी स्प्रिंग नवी आली. साचा मध्येच सुटला तर हात वाचावा म्हणून पुढे जाडजूड आडकाठीही बसली. ताईंनी माझी नोंद केली आणि नावाच्या रकान्यात 'थोरली' असेच लिहिले. मग त्या हातात काहीही न घेता सगळा कारखाना फिरल्या. मागच्या दाराचा पंखा आणि गच्चीवरचा छोटा पंप, हेही माझ्यासारखेच सुटलेले निघाले!

शेवटी त्यांनी वहिनींना फोनवर तक्रार नोंदवायला शिकवले. "मला कुठे ते इंजिनिअरसारखं बोलता येतं?" वहिनी लाजल्या.

"तुम्हाला वाटतं तसंच बोला," ताई म्हणाल्या. आता वहिनी फोन तोंडाशी धरून सांगतात, "आज थोरलीचा आवाज घोगरा आहे." भावजींचा फोन वाजतो आणि ते येतात. स्क्रू ड्रायव्हरची मूठ आधी कानाशी धरतात, मगच डबा उघडतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही सायकल असेल, शिलाईचे यंत्र असेल, पंखा असेल. त्यांची काळजी घेताना फोनची, संगणकाची मदत जरूर घ्या. त्यात काही कमीपणा नाही. पण फोनला, संगणकाला तेवढेच ठाऊक असते, जेवढे आपण सांगतो. म्हणून अधूनमधून उठा आणि एक फेरी मारा. दाराआड, जिन्याखाली कोण राहून गेले आहे ते पाहा. आणि कोणी म्हणाले की मला त्रास होतो आहे, तर यादी नंतर बघा. आधी त्याच्याजवळ जा.